साखर कारखान्याच्या मेंटेनन्सला ओडू: गाळपात आणि ऑफ सीझनला वापरून झाल्यावर

लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात साखर कारखान्यांची काही कमी नाही, पण मशीनच्या कामाची नोंद बहुतेक ठिकाणी अजून रजिस्टर, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आणि जुन्या फिटर मामांची आठवण यावरच चालायलीय. मी अशाच एका कारखान्यात मेंटेनन्स प्लॅनिंगला आहे. आम्ही ओडू नावाच्या सॉफ्टवेअरचं मेंटेनन्स मॉड्यूल (देखभाल-दुरुस्तीचा भाग) लावलं, पूर्ण गाळप हंगाम त्यावर काढला, मग ऑफ सीझनची ओव्हरहॉलिंगसुद्धा (मशीन खोलून करायची पूर्ण दुरुस्ती) त्यावरच केली. ओळखीचे बरेच जण विचारायलेत की घ्यावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी हे काय आहे ते थोडक्यात. ओडू बेल्जियमच्या कंपनीचं ईआरपी आहे, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळायचं सॉफ्टवेअर, त्याची कम्युनिटी एडिशन फुकट आणि ओपन सोर्स आहे, आणि मेंटेनन्सचं मॉड्यूल त्या फुकटच्यातच येतं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर टाकता येतं, माणसामागं लायसनचे पैसे नाहीत. ईआरपी म्हणल्यावर अकाउंट, सेल, पगार सगळंच घ्यावं लागतं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं काही नाही, आम्ही फक्त मेंटेनन्स चालू केलंय, बाकीला हात लावला नाही.

आता मुद्द्यावर येतो, आणि हा मुद्दा बाकी इंडस्ट्रीवाल्यांपेक्षा आपला वेगळा आहे. साखर कारखाना वर्षभर सारखा चालत नाही. बॉयलर पेटला, गव्हाणीत (मिलला ऊस टाकायची जागा) मोळी पडली की तिथून पुढं चोवीस तास, यार्डात ट्रक-ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग, तोडलेला ऊस वाळायला लागला की साखरेचं नुकसान सुरू, मिल जास्त वेळ थांबली तर रस आंबतो. मग फेब्रुवारीत रेक कॅरियरच्या (ऊस पुढं ओढणारा कन्व्हेयर) चेनची एक लिंक ताणल्यासारखी दिसली किंवा इंजेक्शन पंपाचं शाफ्ट स्लीव्ह खाल्लंय हे कळलं, तरी ते नीट करायला मशीन कोण देणार? कुणीच नाही. मग काय होतं, वेल्डिंगचा टाका मार, पॅकिंग दाबून घे, क्लॅम्प लाव, चालू कर. आणि वर एक वाक्य, जे प्रत्येक कारखान्यात प्रत्येक पाळीला ऐकायला मिळतं: सीझन संपल्यावर बघू.

हे वाक्य चुकीचं नाही. त्या वेळेला तेच बरोबर असतं. अडचण अशी की सीझन संपल्यावर ते बघायचं कुणाला आठवतं? एप्रिलमध्ये मिल बंद होते, चीफ इंजिनिअर साहेब सगळ्या सेक्शनला याद्या मागतात, आणि यादीत येतात ती शेवटच्या महिन्यातली कामं, कारण तीच डोक्यात ताजी असतात. डिसेंबरात रात्री तीन वाजता मारलेला टाका कुणाच्या यादीत नसतो, ज्यानं मारला तो हंगामी कामगार घरी गेलेला असतो, वरून रंग मारला की टाका दिसतही नाही. पुढच्या हंगामात नेमका तोच सुटतो. लॉग बुकमध्ये लिहिलेलं असतं की, पण आख्ख्या हंगामाची लॉग बुकं पानापानानं कोण वाचत बसणार.

म्हणून माझ्यासाठी कुठल्याही वर्क ऑर्डरच्या (दुरुस्तीच्या कामाची नोंद) सॉफ्टवेअरची परीक्षा एकाच गोष्टीवर होती. तात्पुरतं केलेलं काम, मशीन चालू असताना, सहा महिने जिवंत राहतं का? ओडूमध्ये राहतं. कसं ते सांगतो.

ओडूत प्रत्येक मशीनचं एक कार्ड असतं, त्याला इक्विपमेंट म्हणतात, त्यात सिरियल नंबर, कुणाकडून घेतलं, वॉरंटी कधी संपते, कुठली टीम बघते वगैरे. काही काम निघालं की त्या मशीनवर रिक्वेस्ट टाकायची, हीच आपली वर्क ऑर्डर. रिक्वेस्ट दोन जातीच्या, बिघाड झाला म्हणून ती करेक्टिव्ह आणि ठरवून करायची ती प्रिव्हेंटिव्ह. त्या सगळ्या रिक्वेस्ट एका बोर्डावर चिठ्ठ्यांसारख्या दिसतात आणि बोर्डाला कॉलम असतात, आयते मिळतात ते चार: नवीन, चालू, दुरुस्त आणि भंगार. चिठ्ठी ओढून एका कॉलममधून दुसऱ्यात न्यायची, एवढंच.

आम्ही यात एक पाचवा कॉलम काढला, ‘ऑफ सीझन’. बोर्डावर आपला कॉलम काढता येतो, त्याला प्रोग्रामिंग लागत नाही. तात्पुरतं काम झालं, मिल चालू झाली, की चिठ्ठी ‘दुरुस्त’मध्ये टाकायची नाही, ‘ऑफ सीझन’मध्ये ठेवायची. इथं एक बारकावा आहे तो नक्की पाळा: प्रत्येक कॉलमच्या (ओडूत त्याला स्टेज म्हणतात) सेटिंगमध्ये ‘काम झालं’ अशा अर्थाची टिक असते, ती या कॉलमला लावायची नाही. लावली की सॉफ्टवेअर ते काम बंद झालेलं धरतं, आणि मग ते उघड्या कामात दिसायचंच बंद होतं, म्हणजे परत आपण रजिस्टरवरच आलो.

हंगाम जसा पुढं जातो तसा तो कॉलम लांब होत जातो आणि तो लांब झालेला बघून पहिल्यांदा अंगावर येतं. पण हीच खरी यादी आहे. मार्चमध्येच ती मशीनवार लावली, कुठल्या कामाला स्पेअर लागणार, कुठलं रोलर बाहेर पाठवायचं, कुठलं आपल्या वर्कशॉपच्या लेथवर होतंय हे वेगळं केलं, आणि परचेसवाल्यांच्या हातात वेळेवर दिलं. ऑर्डर टाकून माल यायला जो वेळ जातो तो सगळ्यांना माहिती आहे. एप्रिलला यादी करायला बसलं की माल जुलैत येतो आणि मग दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरली की सगळ्यांची पळापळ. यंदा आमच्याकडं ती पळापळ बरीच कमी होती आणि मला त्याचं सगळं श्रेय या एका कॉलमला द्यायचंय.

प्रत्येक चिठ्ठीच्या आत खाली गप्पांसारखी जागा आहे, तिथं नोट लिहिता येते, फोटो टाकता येतो, कुणी कधी काय बदललं ते तारखेसकट आपोआप राहतं. फोटोला मी सगळ्यात जास्त किंमत देतो. टाका मारलेला फोटो, झिजलेल्या ट्रॅश प्लेटचा फोटो, गिअरच्या दाताचा फोटो. मीटिंगमध्ये ‘गिअर खराब झालाय’ असं तोंडानं सांगणं आणि जानेवारीतला-मार्चमधला फोटो शेजारी ठेवून दाखवणं यात लै फरक पडतो. एमडी साहेब इंजिनिअरिंगचे नाहीत, पण फोटो बघून त्यांनी स्वतः विचारलं की हा बदलायला किती लागतील.

माणसांचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही, कारण सॉफ्टवेअर कितीही चांगलं असू द्या, भरणारा माणूस नसेल तर उपयोग शून्य. मिल हाऊसमध्ये हात ग्रीसनं माखलेले, आवाजानं कान बंद, तिथं कुणी फॉर्म भरत बसणार नाही आणि तशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही. आमच्याकडं पाळी बदलताना शिफ्ट इंजिनिअर फिटरला समोर बसवून भरतो, फिटर बोलतो, हा मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर बोलून टाईप करतो. बेअरिंग, कपलिंग, ग्लँड हे शब्द तो कीबोर्ड बऱ्यापैकी ओळखतो. मराठीत लिहिलेलं ओडूत नीट राहील का, हा प्रश्न सुरुवातीला सगळ्यांनी विचारला होता; नीट राहतं, आणि शोधलं की सापडतं.

मिलच्या सिनिअर फिटर मामांचा विरोध होता. ते म्हणले, “साहेब, मी तीस वर्षं करायलोय, हे लिहून माझ्यावरच बोट दाखवणार ना उद्या, की काम याच्या हातचं सुटलं म्हणून?” ही भीती खरी आहे आणि तिला उत्तर देणं आपलं काम आहे. आम्ही ठरवून टाकलं की टाका कुणी मारला यावरून कुणालाही जाब विचारायचा नाही, विचारायचं ते एवढंच की कायमचं काय करावं लागेल. ती ओळ मामांच्याच शब्दात चिठ्ठीत जाते. ऑफ सीझनला एका कॅरियरच्या शाफ्टचं काम त्यांनी सांगितल्याप्रमाणं मंजूर झालं, आणि मंजुरीच्या कागदाला त्यांच्याच नोटची प्रिंट जोडलेली होती. आता ते पाळी संपली की स्वतः येऊन सांगतात, “हे टाकून घ्या, सीझननंतर खोलायचंय.”

ज्या वरिष्ठांना हे वापरून कामगारांना धारेवर धरायचंय त्यांनी कृपा करून घेऊ नका. एकदा लोकांनी खोटं किंवा अर्धवट सांगायला सुरुवात केली की ती यादी परत कामाची राहत नाही.

तारखेवर चालणाऱ्या कामांना हे उत्तम आहे. बॉयलरची वार्षिक तपासणी आणि सर्टिफिकेट (१९२३ चा जुना कायदा जाऊन आता २०२५ चा बॉयलर कायदा आलाय, पण सर्टिफिकेटशिवाय बॉयलर चालवता येत नाही हे तसंच आहे), क्रेन आणि चेन पुली ब्लॉकची वर्षातून एकदा करायची तपासणी, वजनकाट्याची वैध मापनकडून फेरपडताळणी, हे सगळं कॅलेंडरवर टाकून ठेवलं की विसरत नाही. वजनकाटा तर शेतकऱ्याच्या पैशाचा विषय, तिथं एक दिवस उशीरसुद्धा चालत नाही. नव्या व्हर्जनमध्ये काम ‘दर अमुक महिन्यांनी’ असं लावता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, चालू काम बंद केल्याशिवाय पुढचं काम तयार होत नाही. म्हणजे कुणी ग्रीसिंग करून चिठ्ठी तशीच ठेवली तर पुढच्या महिन्याचं ग्रीसिंग बोर्डावर येणारच नाही. म्हणून आठवड्यातून एकदा कुणीतरी उघड्या चिठ्ठ्या बघायलाच पाहिजेत.

आता आकड्यांचा विषय, इथं मात्र साखरवाल्यांनी डोळे उघडे ठेवा. ओडू प्रत्येक मशीनच्या कार्डावर एमटीबीएफ दाखवतं, म्हणजे दोन बिघाडांमध्ये सरासरी किती दिवस जातात. आकडा दिसायला भारी वाटतो. तो काढतात कसा, तर मशीन चालू केल्याच्या तारखेपासून शेवटच्या बिघाडापर्यंतचे दिवस भागिले बंद झालेल्या करेक्टिव्ह कामांची संख्या. हे दिवस कॅलेंडरचे आहेत. समजा एक पंप १ नोव्हेंबरला चालू झाला, पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरपर्यंत तीनदा फेल गेला, शेवटचा त्याच दिवशी, तर ३६५ भागिले ३ म्हणजे साधारण १२१ दिवस येतील. पण गाळप जर १२० दिवसच झालं असेल तर पंप चाललाच तेवढा, म्हणजे खरा आकडा ४० दिवस. कुठं १२१ आणि कुठं ४०. वर्षभर चालणाऱ्या वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीला तो आकडा ठीक आहे, त्यांच्यासाठी ते बरोबरच धरलंय, आपल्याला नाही. दुरुस्तीच्या सरासरी वेळेचंही तसंच, ते दिवसात मोजलं जातं, आणि आपल्याकडं मिल तीन तास थांबली तरी फोन सुरू होतात. तीन तासांचं काम तिथं शून्य दिवस दिसतं.

आम्ही काय करतो, हे दोन्ही आकडे वरिष्ठांच्या रिपोर्टला लावत नाही. थांब्याचे तास स्टॉपेज रजिस्टरमधून घेतो, ते तसंही मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोसेस, ऊस नाही, जनरल क्लिनिंग असं वेगळं लिहावंच लागतं. प्रत्येक रिक्वेस्टमध्ये तासांचा रकाना आहे, त्यात मिल किती वेळ थांबली ते भरतो, मग ग्राफमध्ये मशीनवार तास निघतात. त्यातून जे दिसलं ते डोळे उघडणारं होतं: ज्या मशीनची सगळे चर्चा करायचे तिचे थांबे मोठे पण एखाद-दुसरे, आणि ज्या छोट्या कन्व्हेयरकडं कुणी बघत नव्हतं त्याचे पंधरा-वीस मिनिटांचे थांबे एकत्र केले तर तो सगळ्यांच्या वर. या वेळी ओव्हरहॉलिंगला त्याचं नाव वरच्या ओळीत घेतलं.

तासांवर करायची कामं, म्हणजे डीजीचं (डिझेल जनरेटर) ऑइल, स्टँडबाय पंपांची अदलाबदल, यांना आम्ही वापरतो त्यात मीटरवरून आपोआप काम निघण्याची सोय नाही, तारीखच लावावी लागते. रनिंग अवर्सचा तक्ता आम्ही वेगळा ठेवलाय आणि त्यावरून हातानं रिक्वेस्ट टाकतो. ज्यांच्याकडं सगळं तासांवरच चालतं, कोजनची (कारखान्यातली वीजनिर्मिती) मोठी टर्बाइन वगैरे, त्यांनी याचा विचार आधी करावा.

दुसरं, स्टोअर. लागलेलं बेअरिंग चिठ्ठीत लिहिता येतं, पण नुसतं मेंटेनन्स मॉड्यूल टाकलं तर त्यानं स्टॉक कमी होत नाही. ज्यांना दुरुस्ती आणि स्टोअर एकत्रच पाहिजे त्यांनी ईआरपीनेक्स्ट बघून घ्यावं, ते मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, तेही ओपन सोर्स, त्यात दुरुस्तीच्या नोंदीतच कुठलं सामान वापरलं ते टाकता येतं. पण तिथं मशीन म्हणजे अकाउंटमधली मालमत्ता असा हिशोब आहे, मशीन टाकायचं म्हणलं की आयटम, कॅटेगरी, खरेदीची किंमत सगळं आलं. अकाउंट विभाग सोबत असेल तर ते चांगलं, एकट्या मेंटेनन्सला जड जातं. ओडूत मशीनचं नाव टाकलं की काम सुरू.

याआधी एका कंपनीचं पैसे देऊन घ्यायचं क्लाउडवरचं सॉफ्टवेअरही ट्रायलला घेतलं होतं. नाव लिहीत नाही. दर माणसामागं महिन्याचे पैसे, म्हणून आयडी फक्त साहेब लोकांना, आणि ज्याच्या हातून काम होतं तो बाहेरच. फॉर्ममध्ये एवढे रकाने सक्तीचे की रात्रपाळीला कुणी नीट भरलेच नाहीत, काहीतरी टाकून पुढं जायचे. आणि मिल हाऊसच्या लोखंडी शेडमध्ये मोबाईलला रेंज नसते, इंटरनेट गेलं की सगळं ठप्प. तेव्हाच ठरलं की जे घ्यायचं ते कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर.

आमचं ओडू ऑफिसमधल्या एका साध्या कॉम्प्युटरवर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स) टाकून चालतं, मिल हाऊस, बॉयलर आणि बॉयलिंग हाऊसच्या केबिनमध्ये वायफाय नेलंय, इंटरनेट असो-नसो काम चालतं. बसवायला लिनक्स आणि पोस्टग्रेस (ओडूचा डेटाबेस) समजणारा एक पोरगा लागतो, लातूर-संभाजीनगरात असे पोरं मिळतात, मेंटेनन्सवाल्यानं स्वतः धडपडत बसू नये. सीझनमध्ये लाईट आपलीच असते, पण ऑफ सीझनला महावितरणवर असतो तेव्हा लाईट जाते, म्हणून त्या कॉम्प्युटरला यूपीएस पाहिजेच. बॅकअप रोज रात्री आपोआप, आणि आठवड्याला एक कॉपी दुसऱ्या बिल्डिंगमधल्या हार्डडिस्कवर. बगॅसच्या (रस काढून उरलेला उसाचा चोथा) ढिगाला आग लागायचा धोका सगळ्या कारखान्यांना आहे, सगळा रेकॉर्ड एकाच खोलीत ठेवू नका.

सुरुवात कधी करावी हे पण लिहितो कारण यावर लोक अडतात. गाळप चालू असताना अजिबात करू नका. जून-जुलैमध्ये मशीन उघडी असतात, तेव्हा हिंडून नंबर द्या. नंबर कागदी स्टिकरवर नको, तेल, वाफ आणि बगॅसच्या भुश्यात स्टिकर टिकत नाही, पत्र्याच्या प्लेटवर पंच करून रिव्हेट मारा. आणि सगळा कारखाना एकदम भरायला जाऊ नका. गव्हाणीपासून शेवटच्या मिलपर्यंतची मशीन, बॉयलरचे फीड पंप आणि फॅन, इंजेक्शन पंप, एवढ्यावर पहिला हंगाम काढा, कारण गाळप थांबतं ते मुख्यतः इथंच. पॅन, सेंट्रीफ्युगल, क्रिस्टलायझर (रसाची साखर करायची पुढची मशीन) नंतर घेतले तरी चालतं. नाव ठेवताना कागदावरचं नाव नको, लोक जे बोलतात तेच ठेवा, आमच्याकडं एका पंपाला सगळे ‘जुना किर्लोस्कर’ म्हणतात, तेच नाव टाकलंय, नाहीतर रात्री शोधणाऱ्याला सापडत नाही.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो तासांवरच्या कामांसाठी आणि स्टोअरसाठी. गाळप करणाऱ्या कारखान्याला ‘सीझन संपल्यावर बघू’ची यादी सांभाळायला यापेक्षा कमी खर्चातलं काही माझ्या बघण्यात नाही. आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंग आणि डाळ मिलवाल्यांनीही बघायला हरकत नाही, त्यांचंही काम हंगामीच असतं आणि हंगामात त्यांनाही मशीन बंद ठेवणं परवडत नाही. स्टोअर जोडायचं काम येत्या ऑफ सीझनला हातात घेतोय, ते नीट चाललं तर त्यावर वेगळं लिहीन.